स्वच्छ विजेचा स्वच्छ हिशेब



औष्णिक वीजकेंद्रातील कामगारांत आमची तीस वर्षे गेली. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा या व्यासपीठावरून विद्वत्ता सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही हिशेब तेवढा मांडणार आहोत.

पहिली गोष्ट निःशंकपणे सांगतो : कोळसा जाळणे थांबलेच पाहिजे. कोळशावर पोट भरणाऱ्यांनी हे म्हणावे याचे कोणाला नवल वाटेल. पण राख प्रथम आमच्याच छातीत जाते, आणि चंद्रपूरचा वाढता उन्हाळा उघड्यावर राबणाऱ्याच्याच डोक्यावर तापतो.

2021 साली ग्लासगोच्या परिषदेत भारताने 2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगरजीवाश्म इंधनाची क्षमता उभारण्याचा शब्द दिला. 2025 साली देशाची निम्मी स्थापित क्षमता सूर्य, वारा, पाणी, अणू आदींची झाली. तरीही प्रत्यक्ष निर्माण होणारी बहुतांश वीज कोळशाचीच आहे. कारण सूर्य मावळतो तेव्हाच आपण दिवे लावतो. दुपारची वीज रात्रीसाठी साठवावी लागेल. आपल्या घाटघरला 250 मेगावॉटचे केंद्र आहे. तेथे जादा विजेने पाणी वर चढवतात आणि मागणीच्या वेळी तेच खाली सोडून वीज घेतात. असे मार्ग आहेत. ते जाणकार काढतील.

परंतु वीज स्वच्छ झाली म्हणजे व्यवहारही स्वच्छ झाला, असे कोणी समजू नये. 1915 साली खोपोलीला टाटांनी पाण्यावर वीज निर्माण केली व ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. ना धूर, ना राख! पण पुढे अशाच विजेसाठी मुळशी पेट्यातील मावळ्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला. तरी धरण झालेच. मुंबई उजळली, मावळा उठला. आणि 1982 च्या संपानंतर त्याच मुंबईतला गिरणी कामगारही उठला. दोघांनाही आधी विचारले नव्हते.

परदेशातही दोन्ही तऱ्हा दिसतात. ब्रिटनमध्ये 1984-85 साली खाणकामगारांनी वर्षभर संप केला. तो मोडला, खाणी बंद होत गेल्या आणि गावेच्या गावे ओस पडली. 2018 साली स्पेनमध्ये मात्र सरकार व कामगार संघटना एका टेबलाशी बसल्या. बहुतेक कोळसा खाणी बंद करण्याचे ठरले. पण त्यासोबत 25 कोटी युरोंची तरतूद झाली. वयाने मोठ्या कामगारांना लवकर निवृत्तिवेतन, तरुणांना नवे शिक्षण, आणि उजाड खाणींची जमीन सुधारण्याचे काम. खाण तेथेही गेली. माणूस वाऱ्यावर सोडला गेला नाही.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. एका केंद्रातला जुना संच कायमचा बंद झाला. कायम कामगारांची दुसऱ्या संचावर बदली झाली. कंत्राटी मजूर सकाळी नेहमीप्रमाणे डबा घेऊन आले, तेव्हा दारावर कळले की त्यांचे पास रद्द झाले. आम्ही हजेरीपट मागितला. पंधरा-पंधरा वर्षे राख उपसलेल्यांची नावे दर कंत्राटाबरोबर नव्याने लिहिलेली! कागदावर कोणाचीही नोकरी वर्षाहून जुनी नव्हती. ज्याची नोंद नाही, त्याला भरपाई कशाची मागणार? त्या दिवशी आम्ही हात हलवीत परत आलो. ते डबे अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. एखादा संच बंद करायचा तर त्याची तारीख काही वर्षे आधी जाहीर करा. कंत्राटी मजुरापासून दारावरच्या चहावाल्यापर्यंत सर्वांची नोंद आजच करा. नवे काम शक्यतो त्याच जिल्ह्यात आणा. सौर पट्ट्या गुजरात-राजस्थानात आणि बेकारी चंद्रपुरात, अशी वाटणी नको. आणि ज्याची जमीन त्या पट्ट्यांखाली जाईल, त्या शेतकऱ्यालाही याच टेबलाशी बसवा. नाही तर मुळशी पुन्हा घडेल.

यामुळे काम लांबेल, असे काही सुज्ञ म्हणतात. आमचे मत उलट आहे. ज्याला उद्याच्या भाकरीची खात्री आहे, तो जुनी भट्टी विझवायला स्वतः पुढे येईल. ज्याला नाही, तो तिच्यापुढे आडवा पडेल. आणि त्याला उठा म्हणण्याचे धैर्य आम्हांला होणार नाही.