लाकडी दीप आणि पाण्याची वाट

(सुतारकामाचे निदेशक, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी कोकणात भरलेल्या प्रशिक्षण शिबिरात केलेले भाषण)



जपानी धाटणीचे लाकडी दीप शाळेच्या वाटेवर, सार्वजनिक बागेत किंवा समाजमंदिराच्या अंगणात कसे उभारावेत, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची आज्ञा झाली. मी शाळेत सुतारकाम शिकवणारा माणूस आहे. या विषयातील माझे ज्ञान माझ्या एका चुकीपासून सुरू झाले, म्हणून आरंभी ती चूक सांगणेच उचित होईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत संध्याकाळची अभ्यासिका सुरू झाली. फाटकापासून वर्गापर्यंतची ४० मीटर वाट अंधारी होती. दोन्ही बाजूंना गवत आणि पावसाळ्यात सापकिरडूंचे भय. मुलींचे पालक काळजीत असत. एका पुस्तकात जपानी बागेतील दगडी दीपाचे चित्र माझ्या पाहण्यात आले आणि तसेच ८ दीप लाकडात घडवण्याचे मी ठरवले. मुलांनी हौसेने काम केले. चित्रातील दीपाचा खांब थेट जमिनीत रोवलेला होता, म्हणून आम्हीही खांब मातीत रोवले. दुसऱ्या पावसाळ्यात वाऱ्याच्या एका झोतासरशी एक दीप आडवा झाला. खांब जमिनीलगत कुजून भुसा झाला होता. कोणाला इजा झाली नाही हे भाग्य. पण सर्व दीप बंद करावे लागले आणि त्या मोसमात अभ्यासिकेला येणाऱ्या मुलींची संख्या घटली. दीपासाठी केलेला खर्च पुन्हा उभा करता येतो. पालकांचा उडालेला विश्वास परत मिळवणे मात्र कठीण असते.

दीप पाहून गावातील एक वृद्ध सुतारकाका एवढेच म्हणाले, “गुरुजी, तुमच्या घराचा एक तरी खांब मातीत आहे का, ते आधी बघा.” घरी जाऊन पाहिले. प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा होता. लहानपणापासून ज्याच्यावर बसून शेंगा सोलल्या, त्या तळखड्याचे प्रयोजन मला त्या दिवशी समजले.

दीपाची परंपरा

जपानमध्ये अशा दीपाला ‘तोरो’ म्हणतात. सहाव्या शतकात कोरियामार्गे बौद्ध धर्म जपानमध्ये पोचला आणि बुद्धापुढे दीप अर्पण करण्याची प्रथाही त्याच्याबरोबर तेथे रुजली. नारा येथील तोदाइजी मंदिरात महाबुद्धाच्या सभागृहापुढे आठव्या शतकातील अष्टकोनी कांस्यदीप आजही उभा आहे. त्याच नगरातील कासुगा देवस्थानात दगडी आणि टांगते धातूचे मिळून सुमारे ३,००० दीप आहेत. भाविकांनी शतकानुशतके अर्पण केलेले हे दीप वर्षातून फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये उजळले जातात. सोळाव्या शतकात चहापानाचा विधी विकसित झाला, तेव्हा पाहुण्यांना बागेतील पायवाट दिसावी म्हणून मंदिरातील दगडी दीप बागेत आला.

लाकडी दीपाची परंपराही तितकीच घरगुती आहे. लाकडाची हलकी चौकट, तिला चिकटवलेला हातकागद आणि आत तेलाची पणती, असा ‘आंदोन’ एदो काळात घरोघरी असे. सरसूच्या जातीच्या बियांचे तेल महाग पडे, म्हणून गरीब माणसे माशांचे तेल जाळीत. क्योतोजवळील किफुने देवस्थानाच्या दगडी पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना शेंदरी रंगाचे लाकडी दीप ओळीने उभे आहेत. बाहेरच्या जागेतील लाकडी दीपाचे ते उत्तम उदाहरण होय.

तोरोचे मुख्य अवयव सहा. सर्वांत वर रत्नाच्या आकाराचा कळस, त्याखाली ‘कासा’ म्हणजे छत्री किंवा छप्पर, मग ‘हिबुकुरो’ म्हणजे ज्योतीची पेटी, तिला आधार देणारी बैठक, त्याखाली खांब आणि तळाशी पाया. चहाच्या बागेतील काही दीपांना पाया नसतो. त्यांचा खांब सरळ जमिनीत रोवतात. मी पाहिलेले चित्र अशाच दीपाचे होते. परंतु तो खांब दगडाचा होता. दगडाला ओल्या मातीचे भय नाही, लाकडाला आहे. आकृती उचलताना तिच्यामागचे कारण मी मागेच ठेवले होते.

लाकूड का कुजते

पाण्याने भिजल्यामुळेच लाकूड कुजते असे नाही. ते भिजून ओलेच राहिले, तर त्यावर बुरशी पोसते आणि बुरशी लाकूड खाते. पूर्ण कोरड्या लाकडात बुरशी वाढत नाही. खोल पाण्यात बुडालेल्या लाकडातही, हवा न मिळाल्यामुळे, ती फारशी वाढत नाही. जमिनीच्या पृष्ठभागालगत ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात; म्हणून खांब नेमका तेथेच मोडतो. वाळवीची वाटही तेथूनच सुरू होते.

नाराजवळील होर्युजी मंदिराच्या इमारती जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत गणल्या जातात. सुमारे १,३०० वर्षे त्या टिकल्या, त्यामागे खांबांखालचे दगड, पुढे आलेली रुंद छपरे, ‘हिनोकी’ वृक्षाचे उत्तम लाकूड आणि वेळोवेळी झालेली दुरुस्ती ही कारणे आहेत. पाणी अंगावर येऊ द्यायचे नाही, आले तर थांबू द्यायचे नाही आणि कुजलेला भाग बदलता यावा अशी रचना ठेवायची, हे तिचे सार. जपानी सुताराचा पायाचा दगड आणि आपला तळखडा हे एकाच अनुभवातून जन्मलेले आहेत.

दीपाची बांधणी

आमच्या दुसऱ्या प्रयत्नातील दीप जमिनीपासून सुमारे १२० सेंमी उंच आहे. त्याची रचना अशी केली.

पाया: ३० सेंमी चौरस काँक्रीटचा ठोकळा, जमिनीखाली ४५ सेंमी आणि जमिनीवर १० सेंमी. त्यात न गंजणाऱ्या पोलादाचे बूट पक्के बसवले. त्या बुटात खांब असा बसवला की लाकूड आणि काँक्रीट यांमध्ये ५ सेंमी मोकळी जागा राहावी. काँक्रीटच्या माथ्याला बाहेरच्या बाजूस उतार दिला.

खांब: १० सेंमी चौरस, पक्के सुकलेले सागवान. येथे एक सावधगिरी हवी. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो. बाहेरचा फिकट पांढरा भाग वाळवीला आणि बुरशीला सहज बळी पडतो. ‘साग आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. आंब्याचे लाकूड या कामाला घेऊ नये.

सांधे: खाच आणि कुसू यांचा सांधा वापरावा. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश ठेवावी. खाच वरून उघडी राहिली तर तिच्यात पाणी साचते. म्हणून बैठकीचे कुसू खालून वर जाईल असे घ्यावे. लाकडाची कापलेली टोके नळीप्रमाणे पाणी शोषतात; तेथे जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात अधिक द्यावेत. लोखंडी खिळे मारल्यास ओल लागून लाकडावर काळे डाग पडतात. पितळी किंवा न गंजणारे स्क्रू वापरावेत.

ज्योतीची पेटी: २४ सेंमी चौरस. तिन्ही बाजूंच्या चौकटी कायम आणि चौथी दारासारखी उघडणारी, म्हणजे दिवा बदलताना पेटी मोडावी लागत नाही. जपानी हातकागद आमच्या पावसात टिकणार नाही. त्याच्या जागी दुधी रंगाचा अॅक्रिलिक पत्रा बसवला. पत्रा उन्हाने प्रसरण पावतो, म्हणून तो खाचेत सैल ठेवावा. पेटीच्या तळाला पाणी निथळण्यासाठी चार छिद्रे आणि छपराखाली हवा खेळण्यासाठी फट ठेवावी. फटीला बारीक जाळी लावावी, नाहीतर पहिल्याच महिन्यात पेटी किड्यांनी भरते.

छप्पर: पेटीच्या चारही बाजूंना १२ सेंमी बाहेर आलेले, म्हणजे ४८ सेंमी चौरस. काठाच्या खालच्या अंगाला बोटभर आत एक बारीक खाच कोरावी. छपराच्या पोटाला चिकटून आत सरकणारे पाणी त्या खाचेशी थांबते आणि खाली ठिबकते. ही खाच दिसत नाही. पण संपूर्ण दीपात तिच्याइतके स्वस्त आणि उपयुक्त काम दुसरे नाही.

वीज: लाकडी पेटीत उघडी ज्योत ठेवू नये. प्रत्येक दीपात बाहेरच्या वापरासाठी बनवलेला ४ वॅटचा, पिवळसर प्रकाशाचा एलईडी दिवा आहे. घरगुती दाबाची वीज वाटेवर न नेता ती इमारतीतच १२ व्होल्टवर उतरवली आहे. मुलांच्या वाटेवर ही दक्षता घ्यावीच. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे आणि अंतर वाढले की दाब घटतो, हे ध्यानात घेऊन तारेची जाडी ठरवावी. ८ दिव्यांचे मिळून ३२ वॅट होतात. रात्री १० तास जळले तर तीन रात्रींना साधारण एक युनिट वीज लागते.

प्रकाश किती असावा

ग्रामपंचायत सदस्यांना येथे विशेष विनंती आहे. प्रखर दिवा म्हणजे चांगला दिवा, असा समज सर्वत्र आहे. पण डोळ्यांवर येणाऱ्या झगझगाटाने पलीकडचा अंधार अधिक गडद होतो आणि पायाखालचा साप दिसत नाही. तोरोचा प्रकाश छपरामुळे आकाशाकडे जात नाही. तो वाटेवर पडतो. पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामा येथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडवले आहे, त्याच ओकायामा प्रांतातील बिसेई या गावाने १९८९ साली प्रकाशप्रदूषणाविरुद्ध जपानमधील पहिला नियम केला. आपल्या राज्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ साली भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आकाश काळे ठेवूनही वाट उजळता येते, याची ही दोन उदाहरणे आपणास पुरेशी आहेत.

देखभाल हाच खरा पाया

पडलेल्या दीपांचे आम्ही काय केले, हे सांगून समारोप करतो. आठही खांब फेकून द्यावेत असे प्रथम वाटले होते. परंतु जपानमध्ये जुन्या इमारतीच्या खांबाचे कुजलेले पाऊल तेवढेच कापून तेथे नवे लाकूड सांध्याने जोडण्याची पद्धत आहे. तिला ‘नेत्सुगी’ म्हणतात. त्याच सुतारकाकांच्या देखरेखीखाली मुलांनी प्रत्येक खांबाचा खालचा भाग कापला, निरोगी लाकूड लागेपर्यंत पटाशीने तपासले, नवे पाऊल जोडले आणि खांब पोलादी बुटांवर उभे केले. जुन्या आणि नव्या लाकडाचा रंग वेगळा दिसतो. तो लपवण्यासाठी रंग द्यावा अशी सूचना आली होती. ती आम्ही नम्रपणे नाकारली. नवी तुकडी येते तेव्हा त्या जोडावर बोट ठेवूनच पहिला धडा सुरू होतो.

आता दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक दिवस दीपांसाठी राखलेला असतो. मुले पाने झाडतात, छिद्रे मोकळी करतात, जाळी धुतात, सांधे तपासतात आणि लाकडाला तेल देतात. कोणत्या दीपाचे काय केले, याची नोंद एका वहीत होते. आपल्या गावात असे दीप उभारावयाचे असतील तर अंदाजपत्रकात लाकूड आणि दिवे यांच्याबरोबर या एका दिवसाची तरतूद अवश्य करावी आणि ती वही कोणाच्या ताब्यात राहील हेही ठरावात नोंदवावे.

अभ्यासिका पुन्हा पूर्वीसारखी भरू लागली आहे. संध्याकाळी सात वाजता मुली त्या वाटेने जातात, तेव्हा दिव्यांकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्यांचे लक्ष आपापसांतल्या गप्पांत असते. वाटेवरच्या दिव्याकडून याहून अधिक काही मागू नये, असे मला वाटते.