गर्भवती स्त्री, हिवताप आणि नवजात बालक
(भाषणाचा मजकूर)



अडीच किलोहून कमी वजनाचे मूल जन्माला आले की दोष आईच्या अशक्तपणाला, तिच्या कोवळ्या वयाला नाही तर दैवाला दिला जातो. दैवाची गोष्ट बाजूस ठेवू. अशक्तपणा मात्र खरा असतो. पण तो आला कोठून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गडचिरोलीतील भामरागड-एटापल्लीच्या पाड्यांत, बस्तरच्या जंगलात, ओरिसाच्या मलकानगिरी-कोरापुट डोंगरपट्ट्यात या प्रश्नाचे एक उत्तर बहुधा हिवताप हे असते, आणि ते उत्तर वर्षानुवर्षे कागदावर येतच नाही.

ते का येत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे. फॅल्सिपेरम जातीचा हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरला की ती पेशी चिकट होते आणि शरीराच्या आतील रक्तवाहिन्यांना धरून राहते. ज्या प्रदेशात हिवताप बारमाही आहे, तेथे लहानपणापासून वारंवार आजारी पडून माणसाच्या अंगी काही एक प्रतिकारशक्ती येते. परंतु स्त्री प्रथमच गरोदर राहते तेव्हा तिच्या शरीरात एक सर्वस्वी नवे इंद्रिय तयार होते. ते म्हणजे वार. वारेला धरून बसणारा परजीवीचा एक विशिष्ट प्रकार असतो आणि त्याच्याशी तिच्या शरीराची पूर्वी कधी गाठच पडलेली नसते. परजीवी वारेत साचतात, बाळाकडे जाणारे अन्न व प्राणवायू तोकडे पडतात, आईचे रक्त घटते. तिला ताप मात्र येईलच असे नाही. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवरही पुष्कळदा काही दिसत नाही. म्हणून अशा प्रदेशात पहिलटकरीण ही सर्वांत अधिक धोक्यात असते. पुढील बाळंतपणांत तो धोका उतरत जातो.

जेथे हिवताप तुरळक आहे तेथे चित्र उलटे असते. तेथे प्रतिकारशक्ती नसतेच. ताप जोराने येतो, आणि गर्भपात, मृतजन्म, प्रसंगी आईचाच मृत्यू, असे त्याचे परिणाम होतात. हिंदुस्थानचा बराचसा भाग या दुसऱ्या प्रकारात मोडतो. व्हायवॅक्स हा त्या मानाने सौम्य समजला जाणारा हिवतापही गर्भवतीला रक्तक्षय आणतो व बाळाचे वजन घटवतो, हे विसरून चालणार नाही.

रक्तक्षयाची सगळी जबाबदारी डासांवर टाकावी असा येथे हेतू नाही. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंनी १९२८ पासून मुंबईच्या गिरण्यांतील गर्भवती कामगार स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या रक्तक्षयाचे मूळ निकृष्ट अन्नात सापडले. पुढे ज्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले, त्याच्या शोधाची ती सुरुवात होती. अर्धपोटी स्त्रीच्या रक्तावर हिवतापाने घाला घातला म्हणजे दुहेरी मार पडतो, एवढाच मुद्दा आहे.

आफ्रिकेतील देशांनी यावर एक सरळ उपाय स्वीकारला. ताप येण्याची वाट न पाहता आणि तपासणीवरही न विसंबता, दुसऱ्या तिमाहीपासून प्रत्येक गर्भवतीला सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या तीन गोळ्यांची मात्रा आरोग्य केंद्रात समक्ष द्यायची. मलावीने १९९३ मध्ये हे धोरण अंगीकारले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये किमान एक महिन्याच्या अंतराने निदान तीन मात्रा द्याव्यात असे सांगितले. औषध जुने, स्वस्त आणि कोणाच्याही मक्तेदारीखाली नसलेले आहे. तरीही २०२२ मध्ये आफ्रिकेतील संबंधित देशांत तीन मात्रा पदरात पडलेल्या गर्भवती शेकडा ४२ च होत्या, आणि त्या वर्षी सुमारे १ कोटी २७ लाख गरोदरपणांना हिवतापाची बाधा झाल्याचा अंदाज आहे. गोळी स्वस्त आहे म्हणून ती पोहोचते असे नव्हे. ती पोहोचवायला केंद्र लागते, केंद्रात परिचारिका लागते आणि केंद्रापर्यंत रस्ता लागतो.

येथे औषधांच्या इतिहासाकडे थोडे वळणे योग्य होईल. १९६७ च्या मे महिन्यात, व्हिएतनामच्या विनंतीवरून, चीनमध्ये ‘प्रकल्प ५२३’ सुरू झाला. अमेरिकेशी लढणारे व्हिएतनामी सैनिक जंगलात हिवतापाने आडवे होत होते. या प्रकल्पात १९६९ मध्ये सामील झालेल्या तू यूयू यांनी जुन्या चिनी वैद्यकग्रंथांचा धांडोळा घेतला. चौथ्या शतकातील एका ग्रंथातली कृती वाचून वनस्पतीचा अर्क कमी उष्णतेवर काढण्याची कल्पना त्यांना सुचली, आणि त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. परंतु गर्भवतीच्या वाट्याला हे औषध फार उशिरा आले. प्राण्यांवरील प्रयोगांत गर्भाला अपाय दिसला म्हणून पहिल्या तिमाहीत ते वर्ज्य ठरले, आणि स्त्रिया सात दिवस, दिवसातून तीनदा क्विनीन गिळत राहिल्या. त्याने कान गुणगुणतात, मळमळते, रक्तातील साखर उतरते; पुष्कळजणी मधेच सोडून देत. सावधगिरी चूक होती असे म्हणता येत नाही. पण नव्या औषधांच्या चाचण्यांतून गर्भवतींना वगळले जाते, मग पुरावा नाही म्हणून औषधही नाकारले जाते, हे चक्र कोणाच्या सोयीचे होते? अखेर अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र पाहून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनची शिफारस केली.

आपल्या देशात सरसकट प्रतिबंधक मात्रांची पद्धत नाही. येथे भर आहे तो औषधभारित मच्छरदाणीवर, लवकर तपासणीवर आणि सापडलेल्या रोगाच्या पूर्ण उपचारावर. या मार्गाची मदार सर्वस्वी यंत्रणेच्या जागरूकतेवर असते, आणि यंत्रणा ढिली पडल्यावर काय होते हे देशाने पाहिले आहे: १९६५ मध्ये सुमारे १ लाखापर्यंत उतरलेली रुग्णसंख्या १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेली.

उलट उदाहरणही जवळचेच आहे. ओरिसात दुर्गम वस्त्यांसाठी ‘दमन’ मोहीम निघाली. ताप असो वा नसो, गावातील प्रत्येकाचे रक्त तपासायचे आणि बाधा दिसली तर तेथल्या तेथे औषध द्यायचे; त्याच काळात राज्यात १ कोटीहून अधिक मच्छरदाण्या वाटल्या गेल्या. २०१६ मध्ये राज्यात सुमारे ४ लाख ४० हजार रुग्ण नोंदले गेले होते. २०१९ मध्ये ती संख्या ४० हजारांच्या आत आली. २०२० मध्ये बस्तरमध्ये घरोघर तपासणी झाली तेव्हा बाधा सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना कसलेही लक्षण नव्हते. ताप नाही म्हणून परत पाठवलेल्या गर्भवती बाईचा विचार या आकड्यासमोर ठेवून करावा.

हे काम प्रत्यक्ष करते कोण? आशा. तिच्या पिशवीत झटपट तपासणीची पट्टी असते. अर्ध्या तासाच्या आत निकाल मिळतो, जेथे पूर्वी काचपट्टी तालुक्याला जाऊन परत येईपर्यंत आठवडे लोटत. २००५ पासून ही स्त्री शासनाच्या लेखी ‘स्वयंसेविका’ आहे. तिला कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने २०१३ मध्येच केली होती. तिच्या मानधनाच्या लढ्याला गर्भवतीच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहावयास आपल्या काही कार्यकर्त्यांनीही उशीर केला, हे कबूल केले पाहिजे.

तेव्हा पावसाळा सुरू होताच गावोगावच्या साथींनी पाहायचे ते हे: नोंद झालेल्या प्रत्येक गर्भवतीचे रक्त तपासले गेले काय, आणि ताप नसतानाही तपासले गेले काय. मच्छरदाणी तिच्या अंथरुणावर आहे की घरातील पुरुषाच्या खाटेवर, की धान्य झाकायला गेली. शेतावरच्या खोपटात मुक्कामाला जाताना ती बरोबर नेली जाते काय. तपासणीच्या पट्ट्या उपकेंद्रात शिल्लक आहेत की संपल्या, आणि संपल्या असतील तर किती दिवसांपासून. व्हायवॅक्सच्या रुग्ण गर्भवतीला क्लोरोक्विन देता येते, पण रोग उलटू नये म्हणून द्यावयाचे प्रायमाक्विन गरोदरपणी देता येत नाही. बाळंतपणानंतर ते कधी द्यायचे हे आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी ठरवायचे असते, आणि नेमके तेव्हाच तिचे नाव यादीतून गळलेले असते. ती यादी मागून घ्यावी.