वयाआधी जागी झालेली ग्रंथी



पारोळ्यातल्या या परिषदेचं अध्यक्षपद आज माझ्याकडे आहे. समोर एरंडोल, अमळनेर, धुळ्याहून आलेले बालरोगतज्ज्ञ आहेत, गावोगावी दवाखाना चालवणारे डॉक्टर आहेत आणि मागच्या रांगांत आशाताई बसल्या आहेत. माझं आजचं बोलणं जास्त करून दवाखानेवाल्यांशी आणि आशाताईंशी आहे, कारण हा विषय सर्वांत आधी त्यांच्याच दारात येतो.

सहा-सात वर्षांची मुलगी असते. अंगाला मोठ्या माणसासारखा घामाचा वास, डोक्याचे केस तेलकट, कपाळावर पुटकुळ्या, जांघेत किंवा काखेत काळे केस. आई दबक्या आवाजात विचारते, पोर आता लवकर शहाणी होणार का? घरातल्या आजीचा हिशेब तर लग्नापर्यंत गेलेला असतो.

त्या आईला आधी धीर द्यायला हवा. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या सालीचा सर्वांत आतला थर साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान प्रत्येकच मुलात कामाला लागतो आणि डीएचईए-एस हे संप्रेरक रक्तात वाढू लागतं. मुलीत आठ आणि मुलात नऊ वर्षांच्या आत त्याच्या खुणा अंगावर दिसल्या, तर ग्रंथी लवकर जागी झाली असं आपण म्हणतो. मेंदूकडून बीजकोशाला जाणारा वयात येण्याचा संदेश यात सुरू झालेला नसतो, म्हणून स्तनांची वाढ दिसत नाही. मात्र आवाज घोगरा होत असेल, उंची झपाट्याने वाढत असेल किंवा मुलीच्या जननेंद्रियात बदल असेल, तर थांबू नका. ग्रंथीचा जन्मजात दोष किंवा गाठ असू शकते. सकाळच्या रक्तात १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन पाहा, डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढा आणि संप्रेरकतज्ज्ञांकडे पाठवा.

हे सगळं ठीक निघालं की आपण ‘काही नाही’ म्हणून कागद परत देतो. माझा आक्षेप तिथे आहे.

बार्सिलोनाच्या लुर्देस इबान्येझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की अशा मुलींचं जन्मवजन कमी असतं आणि ज्यांच्यात पुढे इन्सुलिन वाढलं व बीजकोशाचे विकार आले, त्यांचं तर सर्वांत कमी. आता हे आपल्या मातीत आणून पाहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपलं बाळ लहान, स्नायू कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी घटलेली नाही. बाहेरून हडकुळं आणि आतून चरबी धरलेलं, असं हे बाळ.

फिनलंडमधल्या कुओपिओच्या संशोधकांनी ग्रंथी लवकर जागी झालेली मुलं मोठी होईपर्यंत पाहिली, तेव्हा धोका मुख्यतः वजनाशी बांधलेला दिसला. कुणी म्हणेल, मग ग्रंथीची काळजी कशाला? मला बार्सिलोना आणि कुओपिओचे हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. वाढलेलं इन्सुलिन ग्रंथीला चेतवतं आणि यकृतात तयार होणारं, लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारं प्रथिन घटवतं. लहान जन्मलेल्या मुलावर पुढे वजन चढलं की हेच होतं. आपल्याकडे दोन किलोचं बाळ जन्मलं की घर त्याच्या बाळशामागे लागतं. पहिल्या वर्षी त्याला भरण हवंच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षीही चहा-बिस्किट, शेव, कुरकुऱ्यांची पुडी चालू राहते आणि पोट सुटलेल्या मुलाला सगळे ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. मानेवरचा काळा पट्टा मळ समजून आई वजरीने घासत असते. तो घासून जाणार नाही, तो वाढलेल्या इन्सुलिनचा आहे. कृपा करून तिला हे सांगा, तिचीही सुटका होईल आणि त्या लेकराचीही.

यासाठी आपल्याकडे महागडं काही लागत नाही. भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, आणि त्यातली बीएमआयची २३ व २७ ची रेषा आपल्या मुलांसाठी काढलेली आहे. कमरेचा घेर मोजायला टेप पुरते. रक्तदाब घ्या, उपाशीपोटी साखर आणि चरबी पाहा, आईवडिलांना मधुमेह आहे का ते विचारा. बार्सिलोनाच्याच गटाने केलेल्या मेटफॉर्मिनच्या प्रयोगांचं नाव घेऊन ते औषध सरसकट लिहू नका. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवून मैदानात जाणं आणि ताटात कळण्याच्या भाकरीसोबत डाळ-भाजी असणं, हा पहिला इलाज आहे.

आशाताई, माझी खरी मागणी तुमच्याकडे आहे. माता व बाल संरक्षण कार्डावरचं जन्मवजन शाळेत नाव घातल्यावर हरवतं. ते हरवू देऊ नका. आणि दवाखानेवाल्यांनो, अशी मुलगी आली की वहीत तिचं जन्मवजन, उंची, वजन, कंबर लिहा, दर सहा महिन्यांनी पुन्हा बोलवा आणि पाळी नियमित होईपर्यंत ती नोंद बंद करू नका. पुढच्या परिषदेत निबंधवाचन कमी ठेवू आणि दुपारचं सत्र या वह्या समोर घेऊन बसण्यासाठी राखू, असा ठराव मी आपल्यापुढे मांडतो.