दोन स्प्रिंगांची सायकल



डोंगरवाटेवर चालविण्याची सायकल कशी निवडावी, हा माझा आजचा विषय आहे. निवृत्त शाळामास्तरानें या विषयावर बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. आमच्या पिढीनें सायकल चालविली ती शाळा गांठण्यासाठीं आणि दळण आणण्यासाठीं. डोंगर चढावयाचा तो पायांनीं, अशी आमची समजूत. तरीहि मी बोलण्यास धजलों तो एका चुकीच्या आधारानें. चूक माझी होती. तिची किंमत मात्र माझ्या नातवानें दिली.

तीन वर्षांपूर्वीं माझ्या मुलीचा मुलगा सोळा वर्षांचा झाला. पुण्याच्या टेकड्यांवर मित्रांबरोबर सायकल नेण्याचा त्याला नाद लागला होता. 'आजोबा, मला फुल-सस्पेन्शन पाहिजे,' असें तो म्हणाला. म्हणजे पुढच्या व मागच्या, दोन्ही चाकांना धक्के सोसण्याची योजना असलेली सायकल. मी त्याला दुकानांत घेऊन गेलों. बारा हजार रुपयांत तशी एक सांपडली. पुढें जाडजूड चिमटा, सीटखालीं लाल रंगाची ठसठशीत स्प्रिंग. मीं स्प्रिंगवर भार देऊन पाहिला, ती दबली, माझें समाधान झालें आणि मीं पैसे मोजले. तिसऱ्याच आठवड्यांत टेकडीच्या उतारावर मागचें चाक एका दगडावर आदळलें. स्प्रिंग दबली आणि तशीच उसळली. सीटनें पोराला वर फेकलें आणि तो हँडलवरून पुढें पडला. डावें मनगट मोडलें. सहा आठवडे हात प्लास्टरांत होता. त्यानें मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें.

तो घरीं बसला असतां आम्हीं दोघांनीं मिळून या यंत्राचा अभ्यास आरंभिला. त्याचें सार आज आपणांपुढें ठेवतों.

डोंगरी सायकलचा जन्म अमेरिकेंतल्या कॅलिफोर्नियांत झाला. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नांवाचा जिल्हा आहे. तेथील कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून खालीं येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं पहिली शर्यत लावली. उतार इतका तीव्र कीं, ब्रेक लावून लावून मागच्या हबांतलें ग्रीस जळून जाई आणि मग तें पुन्हां भरावें लागे. म्हणून त्या वाटेला 'रीपॅक', म्हणजे पुन्हां भरणें, असेंच नांव पडलें. पुढें १९९० च्या सुमारास धक्के गिळणारे चिमटे बाजारांत आले, १९९६ मध्यें अटलांटाच्या ऑलिंपिकमध्यें या खेळाला प्रवेश मिळाला, आणि मागच्या चाकाची योजनाहि सुधारत जाऊन आजची सायकल तयार झाली.

आतां मूळ मुद्दा. स्प्रिंग दाबली म्हणजे तिच्यांत शक्ति सांठते, आणि सोडली म्हणजे ती परत मिळते. नुसत्या स्प्रिंगचा दरवाजा धाडकन् आपटतो, हें आपण पाहिलें असेल. बँकेच्या दारावर मात्र एक लहान पेटी बसविलेली असते व तींत तेल असतें. स्प्रिंग दार ओढते. पण तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागत असल्यामुळें दार सावकाश मिटतें. चांगल्या सायकलच्या शॉकमध्यें हेंच घडतें. धक्क्याची शक्ति तेलांत खर्ची पडून तिची उष्णता होते. माझ्या बारा हजारांच्या सायकलींत स्प्रिंग होती, तेल नव्हतें. तिनें दगडाचा धक्का क्षणभर ठेव म्हणून ठेवला आणि लगेच नातवाला परत दिला.

याची परीक्षा दुकानांतच करतां येते. दोन्ही हातांनीं सीट जोरानें खालीं दाबावी आणि एकदम सोडावी. सायकल चेंडूसारखी उडाली तर तिला दुरूनच नमस्कार करावा. शॉक वर येण्याची गति कमीजास्त करणारी एक लहान कळ असते. ती फिरवून पुन्हां दाबावें, गतींत फरक दिसला पाहिजे. मग मागचें चाक धरून आडवें हलवावें. सांध्यांतून खटखट लागली तर कोठें तरी बेअरिंग सैल किंवा झिजलेलें आहे. वापरलेली सायकल घेणारानें तर ही परीक्षा मुळींच चुकवूं नये.

दुसरा प्रश्न, चाकाची हालचाल किती असावी? पायवाटांसाठीं साधारणपणें १२० ते १५० मिलिमीटर असते. शर्यतीच्या हलक्या सायकलींत ती १०० ते १२०, आणि केवळ अवघड उतारासाठीं केलेल्या सायकलींत २०० च्या आसपास असते. जास्त तितकें चांगलें, असें मात्र समजूं नये. हालचाल वाढली कीं वजन वाढतें, आणि चढावर पॅडल मारतांना सायकल डोलून पायांचे श्रम वायां जातात. चांगल्या बांधणीनें हें डोलणें बरेंच आवरतें. कांहीं शॉकांना तें रोखण्याची वेगळी कळहि असते. आमच्या टेकड्यांवर मुरूम आहे, काळ्या पाषाणाचे गोटे आहेत, पावसानें कापलेल्या घळी आहेत. मोठ्या उड्या नाहींत. तेव्हां १३० पुरे, असें आम्हीं ठरविलें.

तिसरी गोष्ट चालविणाराच्या वजनाची. पुष्कळ शॉकांत स्प्रिंगच्या जागीं दाबलेली हवा असते आणि ती खास पंपानें वजनाप्रमाणें भरतां येते. स्वार सर्व साहित्यानिशीं बसला असतां मागचा शॉक एकंदर हालचालीच्या २५ ते ३० टक्के दबावा. कारण चाकाला दगडावर चढतां आलें पाहिजे, तसेंच खड्ड्यांत उतरतांहि आलें पाहिजे. शॉकच्या दांड्यावर रबराची कडी असते. ती वर सरकवावी, अलगद बसावें, अलगद उतरावें, आणि कडी कोठें राहिली तें पट्टीनें मोजावें. दांडा ५० मिलिमीटर सरकत असेल तर सुमारें १५ मिलिमीटर. शाळेंतलें त्रैराशिक येथें कामास आलें, याचा मला अभिमान वाटला.

चौथी गोष्ट मापाची. सीटवर उंची जमली म्हणजे माप जमलें, असें नाहीं. पॅडलवर उभें राहून हँडल धरलें असतां शरीर आंखडतां किंवा ताणतां कामा नये. चिमट्याचा जमिनीशीं कोनहि पाहावा. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलींत तो ७२-७३ अंशांचा, तर आजच्या पायवाटेच्या सायकलींत सुमारें ६५ अंशांचा असतो. त्यामुळें पुढचें चाक स्वाराच्या बरेंच पुढें राहतें आणि उतारावर कोलांटी खाण्याचें भय कमी होतें. ब्रेक तेलावर चालणारे डिस्कचे असावेत, टायर रुंद असावेत, आणि डोक्यावर हेल्मेट असावें.

आतां संसारी माणसाचा प्रश्न, पैसे किती? खरी फुल-सस्पेन्शन सायकल नवी घ्यावयाची तर लाखाच्या पुढें जाते, आणि खर्च तेथें थांबत नाहीं. सांध्यांतलीं बेअरिंगें बदलावीं लागतात. चिमट्याच्या खालच्या भागांतलें तेल ५० तासांच्या वापरानंतर बदला, असें कांहीं कारखानदार सांगतात. हें काम करणारा कारागीर आपल्या गांवांत आहे कीं नाहीं, याची चौकशी खरेदीपूर्वीं करावी. एवढी ऐपत नसेल तर त्यांत कमीपणा नाहीं. पुढें चांगला तेलाचा चिमटा आणि मागें ताठ फ्रेम अशी सायकल, जिला हार्डटेल म्हणतात, ती खोट्या दोन स्प्रिंगांपेक्षां सर्वस्वीं चांगली. ती हलकी असते, तिला मोडण्यासारखे सांधे नसतात, आणि दगड चुकवून वाट निवडण्यास ती शिकविते.

आम्हींहि तसेंच केलें. मनगट बरें झाल्यावर नातवानें दोन वर्षें हार्डटेल चालविली. गेल्या दसऱ्याला त्यानें शिकवण्या करून जमविलेले पैसे आणि माझ्या ठेवींतली कांहीं रक्कम यांतून हवेच्या शॉकची फुल-सस्पेन्शन सायकल घरीं आली. तिच्या आजीनें, म्हणजे आमच्या घरांतून, सायकलला हळदकुंकू वाहिलें, भोंवतीं फिरून ती नीट न्याहाळली आणि मला म्हणाल्या, 'अहो, एवढे पैसे घेतले आणि स्प्रिंग कुठेंच दिली नाहीं?'

मीं उत्तर दिलें, 'दिसत होती, तिनेंच तर हात मोडला.'

दर रविवारीं तो टेकडीवर जातो. तो परत येईपर्यंत माझें लक्ष दाराकडे असतेंच. पण निघण्यापूर्वीं रबराची कडी मोजण्याचें काम आजहि माझ्याकडे आहे. आपल्या घरांतल्या मुलाला अशी सायकल घ्यावयाची असेल, तर दुकानांत जाण्यापूर्वीं एकदां त्याच्याबरोबर त्याच्या वाटेवरून पायीं चालून यावें.