वयाचा आकडा आणि माणसाची कैफियत



१९४९ साली साताऱ्याचा दक्षिण भाग आणि लगतची संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' नावाचा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचेच सांगली असे नामकरण झाले. दफ्तरे वेगळी झाली, तरी दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांची वय सांगण्याची रीत मात्र एकच राहिली. त्यांना वय विचारले तर ती आकडा सांगत नाहीत. प्रतिसरकार होते तेव्हा मी रांगत होतो, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला पाळण्यात होता, बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडली, अशी ती कैफियत असते. मग कोणी तरी कारकून या कैफियतीतून एक साल काढतो, त्यापुढे १ जानेवारी ही सरकारमान्य तारीख लावतो आणि तोच आकडा पुढे आमच्या केसपेपरवर चढतो. आकडा चुकीचा असला तरी एक वेळ चालेल. पण त्या आकड्यावर उपचाराचा हुकूम सुटतो, ही खरी अडचण आहे. वृद्धांच्या कर्करोगाविषयी मला आज जे सांगावयाचे आहे, ते या अडचणीपासून सुरू होते.

उमेदवारीच्या काळात माझ्या हातून घडलेली गोष्ट आधी सांगतो. माण तालुक्यातून एक म्हातारी स्तनात सुपारीएवढी गाठ घेऊन आली होती. तिच्याशी चार शब्दही न बोलता मी दाराशी उभ्या असलेल्या तिच्या मुलाला बाजूला घेतले, 'आता या वयात कशाला त्रास द्यायचा' असे सुज्ञपणाचा आव आणून सांगितले, आणि केसपेपरवर 'वयोमानानुसार केवळ लक्षणांपुरते उपचार' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ लिहून तिला घरी धाडले. साडेतीन वर्षांनी ती परत आली, ती एस.टी. स्टँडपासून चालत. गाठ फुटून वाहत होती. शस्त्रक्रिया सोसणार नाही म्हणून जिला मी निकालात काढले होते, तिने दरम्यान शाळूच्या तीन सुग्या काढल्या होत्या. "तवाच का न्हाई कापलंसा, डाक्टर?" एवढेच तिने विचारले. मी त्या वेळी गाठीचा तुकडा तपासायलासुद्धा पाठवला नव्हता. पाठवला असता, तर कदाचित रोज एका गोळीवर ती गाठ आटोक्यात राहिली असती. त्या ओळीखालची सही माझी होती.

याच्या उलट अपराधही तितकाच सर्रास घडतो. फरक इतकाच, की तो उत्साहाच्या पोटी घडतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चाळीस किलो वजनाची, जन्मभर मिश्री लावलेली आणि आता गालात व्रण घेऊन आलेली स्त्री डोळ्यांसमोर आणा. तिचे क्रिएटिनिन १.०, म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर अगदी ठीक. पण मूत्रपिंडांची क्षमता मोजण्याचे कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे जुने सूत्र घेऊन दोन मिनिटे बसा : १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, स्त्री असल्याने ०.८५ ने गुणा. उत्तर येते मिनिटाला सुमारे २९ मिलिलिटर, म्हणजे निरोगी तरुण मूत्रपिंडाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. क्रिएटिनिन स्नायूंतून उत्पन्न होते. ज्या देहात स्नायूच उरले नाहीत तिथे ते वाढणार कोठून? कागदावर विसंबून तिला सिसप्लाटिन या कर्करोगाच्या औषधाचे सलाईन लावणारा डॉक्टर नियमाला धरूनच वागलेला असतो, आणि तरीही तिची मूत्रपिंडे तो कायमची गमावून बसतो.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले आणि बार्शीला ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही १९८७ साली सुरू झाली. परंतु केवळ वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग टाटा रुग्णालयात सुरू व्हावयास २०१८ साल उजाडावे लागले. हे दोन्ही अपराध टाळण्यासाठी तिथे विचारतात ते प्रश्न पाहिले, तर त्यांत गूढ असे काहीच नाही. आंघोळ स्वतः करता का, पैशांचा हिशेब जमतो का, सहा महिन्यांत कितीदा पडलात, वजन किती उतरले, मन उदास असते का, स्मरण कसे आहे, घरी कोण आहे. त्यासोबत औषधांची पिशवी टेबलावर उलटी करावयाची. त्या पिशवीत तीन डॉक्टरांनी तीन नावांनी लिहून दिलेली रक्तदाबाची एकच गोळी सापडली, तर आश्चर्य मानू नये. अशी तपशीलवार कैफियत उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती दिली, तर काय फरक पडतो, हे अमेरिकेत ७० वर्षे व त्यावरील ७१८ रुग्णांवर पाहिले गेले. २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी ७१ टक्के रुग्णांना गंभीर दुष्परिणाम सोसावे लागले, कैफियत हाती असलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांत हे प्रमाण ५१ टक्के होते. आणि मात्रा बेताने दिल्यामुळे आयुष्य घटले, असेही दिसले नाही.

आपल्याकडील आणखी एका कामाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण ते आपल्या रुग्णांच्या खिशाकडे पाहून झाले आहे. मुख व घशाचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या ४२२ रुग्णांवर टाटा रुग्णालयाने मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांची शिरेतून देण्याच्या सिसप्लाटिनशी तुलना केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान साडेसात महिने, तर सलाईनवाल्यांचे सुमारे सहा महिने भरले. ही चाचणी केवळ वृद्धांची नव्हती, आणि मेथोट्रेक्सेटपूर्वीही मूत्रपिंडांची खातरजमा हवीच. पण खटावच्या किंवा जतच्या टोकाहून दर खेपेस मिरज-कराड गाठणाऱ्या माणसाला घरी बसून गोळी घेता येणे म्हणजे काय, हे शहरातील माणसाला सहसा उमजत नाही. पंचाहत्तरीनंतर एस.टी.चे तिकीट २०२२ पासून माफ आहे, हे खरे. सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज मात्र कोणीच माफ करीत नाही.

आणि सोबत येणार तरी कोण? विटे-खानापूरकडचा मुलगा सोन्याच्या गलाईच्या धंद्यात तामिळनाडूत, साताऱ्याचा मुलगा फौजेत किंवा मुंबईला माथाडीत. घरी दोन म्हातारी आणि एक म्हैस. मुलगा रजा काढून येतो आणि तपासणीच्या खोलीबाहेर तुमचा हात धरून हलक्या आवाजात म्हणतो, 'साहेब, त्यांना काही सांगू नका.' यात माया असते, भीतीही असते. त्याच्यावर रागावू नका. पण ज्याचा देह आहे त्याची साक्ष काढल्याशिवाय निकालही देऊ नका.

वाळवा तालुक्यातील एका शेतकऱ्याची साक्ष मी अलीकडेच काढली. वय कागदावर ८१, जन्मतारीख अर्थातच १ जानेवारी. पोटातील कर्करोगाच्या गाठीसाठी दोन औषधे सुचवण्यासारखी होती. त्यांतील एकाने गाठ अधिक आकसण्याचा संभव होता, परंतु त्याने हातापायांना मुंग्या येऊन बधिरता राहते. मुलाने अर्थातच जोरदार औषध मागितले. म्हाताऱ्याने मला विचारले, "त्येनं बांधावर पाय कळतोय का?" मी म्हणालो, कदाचित नाही कळणार. "मग दुसरं द्या. मला पाणी पाजायचंय."

दुसरे दिले. पुढच्या खेपेस आमच्या परिचारिकेने नियमाप्रमाणे त्यांची चाल तपासली : खुर्चीतून उठून तीन मीटर चालावयाचे, वळून परत यावयाचे, बसावयाचे. बारा सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका धरतात. घड्याळ दहावर थांबले, तरी बाबा बसले नाहीत, खुर्चीपाशी उभे राहून आमच्याकडे पाहत म्हणाले, "एवढंच व्हय? का आणिक एक फेरी मारू?"