हृदयाची शस्त्रक्रिया आणि यकृताची चिंता
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



नांदेडास मी शिक्षक असता माझ्या वर्गातील एक मुलगा कवायतीच्या वेळी वरचेवर उकिडवा बसे. त्याचे ओठ निळसर दिसत. आळशी समजून मी त्यास उन्हात उभे केले. त्याच्या हृदयात जन्मतःच दोष होता, हे मला फार उशिरा कळले. ते शल्य अद्याप आहे. म्हणून वैद्य नसताही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे.

काही बालकांच्या हृदयात रक्त ढकलणारा एकच कप्पा कामाचा असतो. त्यांच्यासाठी फ्रान्समधील बोर्दो येथील शल्यविशारद फ्रान्सिस फॉन्टन यांनी 1968 साली एक शस्त्रक्रिया केली व 1971 साली ती प्रसिद्ध केली. तीत शरीरातील अशुद्ध रक्त हृदयास वळसा घालून थेट फुप्फुसांकडे नेतात. मूल जगते, शाळेत जाते. परंतु मागून ढकलणारे कोणी नसल्याने नीलांतील दाब कायम चढा राहतो. पाटाचे पुढचे दार अर्धे लावले म्हणजे पाणी मागे तुंबून शेत चिबड होते, तशी यकृताची गत होते. वर्षानुवर्षे रक्त तुंबून ते निबर होते, आणि पुढे काहींना तरुणपणीच यकृताचा कर्करोग होतो. दारूच्या थेंबासही न शिवलेल्यांना! आपल्याकडे यकृत बिघडले की लोक लगेच भलतीच शंका घेतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

उपचार आहेत, पण नाजूक. गाठ लहान असता सुईने उष्णता देऊन जाळता येते, किंवा तिचा रक्तपुरवठा बंद करता येतो. कापून काढावी तर चढ्या दाबामुळे रक्तस्रावाचे भय, आणि भूल देणेही जोखमीचे. क्वचित हृदय व यकृत दोन्ही बदलावी लागतात. शिवाय अशा यकृतात निरुपद्रवी गाठीही होतात. सबब हृदयाच्या व यकृताच्या डॉक्टरांनी एकत्र बसूनच निर्णय घ्यावयाचा असतो.

गाठ लहान असताच सापडण्यासाठी नियमित सोनोग्राफी व रक्ततपासणी हवी. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी होते, परंतु तो अठराव्या वर्षापर्यंतच. धोका वाढतो तो त्यानंतर! आणि नेमकी तेव्हाच लग्नाची बोलणी सुरू होऊन शस्त्रक्रियेचे कागद पेटीच्या तळाशी जातात, दवाखानाही सुटतो. आपल्या वधू-वर मेळाव्यात हे मी पाहिले आहे.

नांदेड-लातूरकडील ज्या घरी असे अपत्य असेल, त्यांनी ते कागद आजच बाहेर काढावेत. तपासणीस एकटे जाणे जड वाटल्यास मला निरोप धाडावा. मी सोबत येईन.