टाकाऊ प्लॅस्टिकचे मोल दारातच ठरते



पुण्याहून पिरंगुट, मुठा, टेमघर या मार्गाने लवासाकडे जाणारा रस्ता घाट ओलांडून वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी उतरतो. मोसे नदीवरील हे धरण पानशेत, टेमघर आणि खडकवासला यांच्यासह एका साखळीत गुंफलेले असून पुणे शहराच्या पिण्याच्या पाण्याची भिस्त याच साखळीवर आहे. लवासाच्या प्रकल्पाने बरेच चढउतार पाहिले. 2010 साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने त्याचे बांधकाम थबकले. 2018 साली कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेले. पर्यटकांची वर्दळ मात्र राहिली, आणि तिच्यामागे पाण्याच्या बाटल्या, खाऊची पाकिटे व पिशव्याही राहिल्या. मुळशीच्या डोंगरावर पडणारा पाऊस अशा वस्तूंना रस्त्याकडेला राहू देत नाही. ओढ्याओहोळांतून त्या खाली, म्हणजे जलाशयाच्या दिशेने जातात.

टाकाऊ प्लॅस्टिकपासून नव्या वस्तू बनतात, हे आता सर्वांस ठाऊक आहे. मग हे प्लॅस्टिक कारखान्यात न जाता ओढ्यात का जाते? या प्रश्नाचे उत्तर यंत्रांच्या अभावात शोधण्याची प्रवृत्ती दिसते. वस्तुतः ते घराच्या, दुकानाच्या व उपाहारगृहाच्या दारात शोधावयास हवे.

दाणा आणि साचा

प्लॅस्टिकचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. बेकलँड यांनी 1907 साली शोधलेले बॅकेलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. जुन्या विजेच्या बटणांचे प्लॅस्टिक हे असे होते. याउलट पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, पेट यांसारखी प्लॅस्टिके उष्णतेने मऊ होतात व थंड होताच घट्ट बनतात. पुनर्निर्मितीचा सारा उद्योग या दुसऱ्या वर्गावर उभा आहे.

त्याची रीत अशी : माल निवडावयाचा, यंत्रात त्याचे बारीक तुकडे करावयाचे, ते धुऊन वाळवावयाचे, वितळवून त्यांचे लांब दोर ओढावयाचे, पाण्यात थंड करावयाचे आणि कापून त्यांचा दाणा करावयाचा. हा दाणा साच्याच्या यंत्रात जातो. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरले की बादल्या, मग आणि झाकणे होतात. गरम नळीत हवा फुंकून ती साच्याला चिकटविली की डबे व कॅन होतात. ते तोटीतून सलग बाहेर ढकलले की नळ्या निघतात. पाण्याच्या पेट बाटल्यांचा मार्ग मात्र बहुधा वेगळा असतो; त्यांच्या तुकड्यांपासून पुष्कळदा पॉलिएस्टरचा धागा काढला जातो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. साधे पॉलिथिन सुमारे 110 अंश सेल्सियसला वितळते, पॉलिप्रॉपिलीन 160 अंशांच्या पुढे, तर पेटला 250 अंशांच्या आसपास उष्णता लागते. हे तिन्ही एकत्र टाकले तर एक वितळेल तेव्हा दुसरे कच्चे राहील आणि दुसरे वितळेल तेव्हा पहिले जळू लागेल. अशा दाण्याची बादली कडी धरून उचलताच तडकावी, यात नवल नाही. पीव्हीसीचे थोडेसे तुकडे पेटमध्ये मिसळले तरी ते पेट वितळण्यापूर्वीच विघटन पावून आम्लाची वाफ सोडतात. त्यामुळे माल बिघडतो आणि यंत्रही झिजते.

बादलीभर पाण्याची परीक्षा

निवडीचे काम अवघड असले तरी अगम्य नाही. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात 1 ते 7 पर्यंतचा आकडा असतो : 1 म्हणजे पेट, 2 व 4 म्हणजे पॉलिथिनचे दोन प्रकार, 3 पीव्हीसी, 5 पॉलिप्रॉपिलीन, 6 पॉलिस्टायरीन आणि 7 मध्ये इतर सर्व. आकडा पुसला असेल तर बादलीभर पाणी उपयोगी पडते. साधे पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यांचे तुकडे तरंगतात. पेट व पीव्हीसी बुडतात. बाटलीचे तुकडे बुडतात आणि तिच्या टोपणाचे तरंगतात, ते याचमुळे. शाळेच्या प्रयोगवर्गात हा प्रयोग विनाखर्च करून दाखविता येईल.

खाऊच्या चकचकीत पाकिटांना मात्र ही परीक्षा लागू पडत नाही. त्यांत निरनिराळ्या प्लॅस्टिकचे व धातूचे पातळ थर एकमेकांस चिकटविलेले असतात व ते सहजी सुटे होत नाहीत. भंगाराच्या दुकानात त्यांना भाव नाही. म्हणून ती कोणी वेचत नाही आणि म्हणूनच ती ओढ्यात अधिक दिसतात. 2022 सालच्या नियमांनुसार अशा वेष्टनांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादक, आयातदार व नाममुद्राधारक कंपन्यांवर टाकण्यात आली, ती या दृष्टीने महत्त्वाची होय. अशी पाकिटे सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून वापरता येतात. पण तेथवर ती पोहोचविण्याचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो.

पुण्याचा अनुभव

निवडीचे हे काम पुणे शहरात अनेक वर्षे कचरावेचक भगिनी करीत आल्या. उकिरड्यावर ओल्या-कुजक्या घाणीतून त्या बाटल्या व पिशव्या वेगळ्या काढीत. 1993 साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना स्थापन झाली. पुढे 2008 साली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. यातला फरक लक्षणीय आहे. जो माल पूर्वी उकिरड्यावर हाती लागे, तो आता दारातच, सुका व वेगळा मिळू शकतो. कोरड्या, स्वच्छ मालाला भंगाराच्या बाजारात चांगला भाव येतो, आणि तो भाव वेचणाऱ्या हातांत पडतो. गृहिणीने दुधाची पिशवी धुऊन वेगळी ठेवली, तर त्या दोन मिनिटांचे मोल दुसऱ्या एका घराच्या चुलीपर्यंत पोहोचते.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी ही जबाबदारी प्रथमच ग्रामीण भागापर्यंत आणली. कचऱ्याचे वर्गीकरण व संकलन करणे, पुनर्निर्मितीयोग्य प्लॅस्टिक कारखान्यांकडे पोहोचविणे आणि ते उघड्यावर जाळले जाऊ न देणे ही ग्रामपंचायतींची कर्तव्ये ठरविण्यात आली. स्वच्छ भारत अभियानाच्या 2020 साली सुरू झालेल्या दुसऱ्या ग्रामीण टप्प्यात, विकास गट पातळीवर प्लॅस्टिक व्यवस्थापन केंद्र उभारण्यासाठी 16 लाख रुपयांपर्यंत निधीची तरतूदही करण्यात आली.

अशा वेळी गावातच साच्याचे यंत्र बसवावे, असा उत्साह वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एका प्रकारचा, स्वच्छ व नियमित माल मिळाल्याखेरीज ते यंत्र धूळ खात पडेल. डोंगरी भागात आणखी एक अडचण आहे. रिकाम्या बाटल्यांनी भरलेला टेम्पो म्हणजे मुख्यतः हवेची वाहतूक. लवासाच्या परिसरातून पुण्यापर्यंत ती हवा वाहून नेण्याच्या भाड्यातच मालाची किंमत संपून जाते. म्हणून आधी हवी ती एक शेड, निवडीसाठी टेबले, बाटल्या दाबून गठ्ठे करणारे यंत्र आणि चार-सहा गावांचा मिळून ठरलेला संकलनाचा दिवस. या कामास नेमलेल्या माणसांना हातमोजे व वेळेवर वेतन मिळणे हेही तितकेच अगत्याचे.

शिवाय पुनर्निर्मितीलाही मर्यादा आहेत, याचा विसर पडू नये. दर खेपेच्या उष्णतेने प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात; म्हणून जुन्या दाण्यात नवा दाणा मिसळावा लागतो. खाद्यपदार्थ ठेवण्याच्या वस्तूंसाठी तर कसलाही जुना दाणा चालत नाही. तेथे अन्न सुरक्षेचे निकष काटेकोरपणे पाळावे लागतात. तेव्हा मुळात वापरच कमी करणे हा पहिला उपाय होय. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी काढलेली अधिसूचना आणि 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर देशभर लागू झालेली बंदी यांचा रोख तोच आहे.

घाटमाथ्यावरील गावाने टाकलेले प्लॅस्टिक पायथ्याच्या शहराच्या पाण्याकडे जाते, आणि शहरातून आलेला पर्यटक तेच प्लॅस्टिक घाटमाथ्यावर आणून टाकतो. हे देणेघेणे थांबवावयाचे असेल तर सुका कचरा वेगळा ठेवण्याचा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा, तो उपाहारगृहांस व दुकानांस लागू करावा आणि शिक्षकांनी त्यामागील शास्त्र मुलांना समजावून सांगावे. ही शिस्त दारोदारी रुजली, तर दाण्यासाठी कारखानदार आपण होऊन गावाची वाट धरील.